मांडव आणि नाऱ्या

'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली,' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी एकदा तरी ऐकलेली असते आणि बहुधा बोलणी म्हणूनच ऐकलेली असते. घरात कार्य निघाले, मांडव पडला, आणि एखाद्या पोराने "पाऊस आला तर?" असे विचारले, की वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी त्याचा नाऱ्या करून त्यास गप्प बसवी. आम्हीही असे पुष्कळदा गप्प बसलो, आणि पुढे वडीलकी आल्यावर पुष्कळांना गप्प बसविले. परंतु गेल्या दिवाळीत सौंसरला जाऊन आल्यापासून या नाऱ्याविषयीचे आमचे मत पालटले आहे. त्या बिचाऱ्याने आग लावली नव्हती. लागलेली आग त्याला दिसली होती, एवढेच. त्याच्या हाती पाण्याची बादली द्यावयाची सोडून आपण त्यास शुभ बोलावयास सांगतो, आणि पिढ्यान् पिढ्या हसत आलो तेही त्यालाच.

सौंसर आणि पांढुर्णा ही नावे आमच्या बहुतेक वाचकांच्या ओळखीची असतील. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि त्याला लागून असलेला हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. सीमा सरकली; चुलीपुढची भाषा सरकली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे दोन्ही तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. नागपुरी संत्रे म्हणून जे फळ दूरदूरच्या बाजारांत जाते, त्यातले पुष्कळसे या मातीत पिकलेले असते. आमची धाकटी बहीण सौंसरजवळच्या एका खेड्यात अशाच एका बगीचाच्या घरी नांदते. तिच्या सासऱ्यांनी पन्नास वर्षे तो बगीचा सांभाळला. प्रकल्प, व्यवस्थापन, जोखीम हे शब्द त्यांनी कधी उच्चारले नसतील. पण संत्र्याचा बहार धरणे म्हणजे दरवर्षी नव्याने एक प्रकल्प हाती घेणे होय, हे ज्याने तो धरला आहे त्यालाच कळेल.

ज्यांना संत्रे केवळ सोलून ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. झाडाला बारमाही पाणी देत राहिले तर ते पालवते, पण एकवट फुलत नाही. म्हणून त्याला काही दिवस तहानेले ठेवावे लागते. याला ताण देणे म्हणतात. आंबिया बहार घ्यावयाचा तर थंडीत पाणी बंद करावयाचे, आणि जानेवारीच्या सुमारास ताण तोडून पुन्हा पाणी द्यावयाचे. मग फुले येतात, आणि फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीस येऊ लागते. मृग बहार घ्यावयाचा तर मे महिन्यात ताण, मृगाच्या पावसाबरोबर फुले, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी फळ. ताण किती दिवस द्यावा हे जमिनीवर ठरते. मुरमाड, हलकी जमीन लवकर सुकते, तेथे दिवस थोडे. काळी, भारी जमीन ओल धरून ठेवते, तेथे दिवस अधिक. ताण कमी पडला तर झाड फुलाऐवजी पालवीच काढते. जास्त झाला तर पाने गळून झाडच खचते. योग्य दिवस कोणता, हे आमच्या बहिणीचे सासरे पानाच्या मरगळीवरून ओळखत. ते ज्ञान त्यांच्या डोळ्यांत होते, आणि केवळ त्यांच्याच डोळ्यांत होते.

गेल्या जानेवारीत ताण तोडण्याच्या ऐन दिवसांत ते आजारी पडले आणि महिनाभर नागपूरच्या एका इस्पितळात राहिले. आमचे मेहुणे पेशाने शिक्षक. वडील सांगतील तसे बगीचात करावे, एवढाच त्यांचा परिपाठ. अशा वेळी अंथरुणावरच्या वडिलांना पाण्याचे कसे विचारावे, म्हणून त्यांनी विचारले नाही. आणि सर्व बगीचाला एकाच दिवशी पाणी सोडले. वरच्या अंगाची मुरमाड जमीन तोवर नको इतकी तहानली होती, खालच्या अंगाची काळी जमीन अजून पुरती सुकलीच नव्हती. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा त्याचे फळ डोळ्यांपुढे होते, किंबहुना फळ नव्हते. खालची झाडे हिरवीगार आणि रिकामी. वरच्या झाडांवर विरळ, बारीक माल. आजोबा बरे होऊन घरी आले होते. काठी टेकीत ते बगीचातून हिंडले, आणि कोणाला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मेहुण्यांना अधिक सोपे गेले असते.

त्याच दिवाळीत आमची भाची घरी आली होती. ती अभियंता, नोकरीच्या ठिकाणी तिला प्रकल्प-व्यवस्थापनाचे शिक्षण देण्यात आले होते. या शिक्षणात असते तरी काय, असे आम्ही जरा उपहासानेच विचारले. कामे वेळेवर करावीत हे सांगावयास शिक्षक कशाला हवा, असा आमचा सूर होता. तिने शांतपणे जे सांगितले त्याचा सारांश वाचकांस देतो.

कामाला आरंभ, शेवट आणि ठरीव पैसा असला की त्यास प्रकल्प म्हणावे. तो हाती घेण्यापूर्वी काय करावयाचे आणि काय करावयाचे नाही हे लिहावे. मग कामाचे तुकडे पाडावेत, कोणता तुकडा कोणावाचून अडतो हे पाहावे, आणि एकमेकांवर अडलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी शोधावी. सबंध कार्याचा शेवट त्या साखळीवर ठरतो. इतर कामे कितीही लवकर उरकली तरी तारीख अलीकडे येत नाही. ही रीत १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्युपाँ या रसायन कंपनीत बसविली गेली, आणि त्याच सुमारास तेथील नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तिची एक बहीण तयार केली. १९६९ मध्ये या विद्येला वाहिलेली संस्थाही तेथे निघाली. पण भाचीच्या मते या शिक्षणाचा गाभा वेळापत्रकात नाही. तो आहे जोखमीच्या नोंदवहीत.

ती नोंदवही कशी असते हे दाखविण्यासाठी तिने धाकट्या भावाची शाळेची वही उघडली आणि तीत रेघा आखल्या. पहिल्या रकान्यात काय बिघडू शकेल. दुसऱ्यात, ते बिघडण्याचा संभव किती, एकापासून पाचापर्यंत. तिसऱ्यात, बिघडले तर हानी किती, तीही एकापासून पाचापर्यंत. या दोहोंचा गुणाकार चौथ्यात. त्यावरून आधी कशाची काळजी करावी ते ठरते. पाचव्यात, आधी करून ठेवण्याचा उपाय. आणि शेवटच्या दोन रकान्यांत ज्याने तो करावयाचा त्याचे नाव व तारीख. शेवटचे दोन रकाने रिकामे असतील, तर ती यादी जोखमीची नव्हे, नुसत्या भीतीची, असे ती म्हणाली. हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले.

घरातली माणसे भोवती जमली. विहिरीवरची मोटर ऐन ताण तोडण्याच्या वेळी जळणे: संभव चार, हानी पाच, म्हणजे वीस. गारपीट: संभव दोन, हानी पाच, म्हणजे दहा. काळ्या माशीमुळे पानांवर कोळशी धरणे, पावसाळ्यात बुंध्याला डिंक्या लागणे, फळाच्या भाराने फांद्या मोडणे, अशा ओळींवर ओळी पडू लागल्या. मेहुण्यांच्या ध्यानात आले की गारपिटीच्या भीतीने आपण रात्री जागतो, पण मोटर तीन वर्षांत एकदाही तपासून घेतलेली नाही. अंक मांडल्याने भय नाहीसे होत नाही. ते योग्य जागी जाऊन बसते.

आजोबा कोपऱ्यातल्या खाटेवर पडून ऐकत होते. यादी संपल्यासारखी वाटली तेव्हा ते म्हणाले, "एक ओळ रायली, बाई. मी नसलो तं काय करायचं, ते लिव."

खोलीत शांतता झाली. आमच्या बहिणीने "असं काय बोलता, मामंजी," म्हणून त्यांस थांबविले. म्हणजे तीही त्यांना शुभच बोलावयास सांगत होती. भाचीची लेखणी वहीवर थबकली. ही ओळ तिला प्रथमपासून दिसत होती आणि तिचा हात धजत नव्हता, हे तिने नंतर आम्हांस सांगितले. पण म्हातारा हट्टाने उठून बसला. संभव किती म्हणून त्याने स्वतःच विचारले आणि स्वतःच हसून "पाच" म्हणाला. मग उपायाच्या रकान्यासाठी तो सांगत गेला आणि ती लिहीत गेली. वरच्या अंगाला ताण किती दिवस, खालच्या अंगाला किती. पाने दुपारी मलूल होऊन सकाळी सावरतात तोवर थांबावे, सकाळीही सावरली नाहीत की थांबू नये. पहिले पाणी हलके द्यावे. कोणत्या ओळीतली झाडे जंबेरीवर बांधलेली आणि डिंक्याला हळवी, त्यांच्या बुंध्यांना पावसाळ्यापूर्वी बोर्डो मलम कोणी लावावे. वहीची चार पाने भरली. नावाच्या रकान्यात मेहुण्यांनी आपल्या हाताने आपले नाव लिहिले. बापलेक त्या बगीचाविषयी इतका वेळ कधीच बोलले नव्हते, असे बहीण मागाहून म्हणाली.

जोखमीचे करावयाचे काय, याच्या या शास्त्रात चार वाटा सांगितल्या आहेत. ती टाळावी, कमी करावी, दुसऱ्याशी वाटून घ्यावी, नाहीतर समजून-उमजून पत्करावी. शेतकरी या चारही वाटांनी चालतच असतो. पाणी साचणाऱ्या जमिनीत संत्रे लावीत नाही, ही टाळण्याची वाट. फांद्यांना बांबूचे टेकू देतो, ही कमी करण्याची. फळ झाडावर असतानाच बगीचा व्यापाऱ्याला एकठोक देतो किंवा पीकविमा उतरवितो, ही वाटून घेण्याची; भाव चढला तर त्याचा लाभ जातो, पण झोप लागते. अर्धा बगीचा आंबियावर आणि अर्धा मृगावर ठेवून तो सगळी भिस्त एका बहारावर टाकीत नाही. आणि गारा कोसळल्या तर त्या तो पत्करतो. पत्करणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. ज्याने पत्करली त्याने गाठीला काही राखून ठेवलेले असते. ज्याने दुर्लक्ष केले तो गारांनाच दोष देत बसतो.

ही दृष्टी आल्यावर त्या मुलखातल्या नेहमीच्या गोष्टी आम्हांस निराळ्या दिसू लागल्या. सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा अरुंद मापाची रेल्वे मोठी करण्यासाठी २०१५ च्या अखेरीस बंद झाली. रामाकोना, सौंसर, लोधीखेडा येथील माणसांनी छोट्या गाडीला डोळे भरून निरोप दिला. मोठी गाडी टप्प्याटप्प्याने आली. नागपुरापासून छिंदवाड्यापर्यंत सलग प्रवासी गाडी सुरू होईतो २०२२ उजाडले. सपाटीवरचे तुकडे आधी झाले, सातपुड्याच्या चढणीतला घाटाचा तुकडा शेवटी. डोंगर फोडावयाचा तेथे वेळ लागणारच, त्याविषयी कोणास दूषण देण्याचा आमचा हेतू नाही. मात्र अवघड तुकडा हीच ती सर्वांत लांब साखळी असते, आणि सोपे तुकडे झालेले पाहून आपण काम संपत आले असे समजतो, हा धडा घर बांधणाऱ्यानेही घ्यावा. भिंती भराभर चढतात. घर अडते ते नळ, वीज आणि परवानगीच्या कागदापाशी.

पांढुर्ण्याची गोटमार तर सर्वांस ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, आणि पांढुर्णा व सावरगाव यांच्यात दगडांचा वर्षाव होतो. माणसे जखमी होतात, काही वर्षी प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्यात आले, ते लोकांनी स्वीकारले नाहीत. म्हणून दरवर्षी बंदोबस्त, रुग्णवाहिका, डॉक्टरांची पथके अशी सिद्धता करावी लागते. संकट टळत नाही म्हणून हानी तरी कमी करावी, असा हा मार्ग आहे. परंतु ज्याच्या डोक्यावर दगड पडणार त्यालाच ती जोखीम आपली वाटत नाही, तोवर दुसऱ्याने आखलेला उपाय अपुराच ठरतो. जोखमीला धनी हवा, आणि तो नदीच्या पात्रातला हवा.

आणि ज्यांना वाटते की ही सारी कागदी विद्या आहे, त्यांनी पानशेत आठवावे. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरे न झालेले ते धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही गेले आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला. पाणी बाहेर सोडण्याच्या व्यवस्थेचे काम अपुरे असताना पावसाळ्याचे पाणी धरणात साठले होते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपविण्याची शर्थ केली. त्या शर्थीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण पोती रात्री रचावी लागतात, ती दिवसा कोणीतरी विचारावयाचा प्रश्न राहून गेला म्हणून. पुण्यातल्या कित्येक घरांनी तो प्रश्न राहून गेल्याची किंमत मोजली.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे वळतो, कारण तो सांगितल्यावाचून हे लेखन पुरे होणार नाही. आमच्या गावच्या मराठी मंडळाने सभागृह बांधावयास घेतले, तेव्हा खजिनदारी आमच्याकडे होती. आमचे कार्यवाह अत्यंत निःस्पृह आणि तल्लख. कंत्राटदाराशी झालेले बोलणे, नकाशाची मंजुरी, कोणाची देणगी कोणत्या अटीवर, हे सारे त्यांस तोंडपाठ असे, आणि आम्हांस त्याचे कौतुक वाटे. एका बैठकीत एका तरुण सभासदाने दोन प्रश्न विचारले. मंजुरीची मुदत केव्हा संपते? आणि कार्यवाह कोठे परगावी गेले तर हे कोणास ठाऊक आहे? आम्ही त्यास म्हणालो, "अहो, शुभ बोला." सभा हसली. तो खाली बसला आणि पुढे बैठकांना येईनासा झाला.

वर्षभरात कार्यवाहांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाणी गेली. मंजुरीची मुदत टळून गेल्याचे आम्हांस पालिकेच्या नोटिशीवरून कळले. दोन पावसाळे झाले. खांबांतून वर आलेल्या सळया उघड्यावर गंजत आहेत. त्या सभागृहाला एका वृद्ध बाईंनी आपल्या पाटल्या मोडून देणगी दिली होती. आपल्या हयातीत तेथे हळदीकुंकू व्हावे, एवढीच त्यांची इच्छा. त्या गेल्या श्रावणात वारल्या. याचे उत्तर आमच्या जमाखर्चात कोठेही सापडत नाही.

सौंसरहून परतल्यावर आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो, चुकलो असे त्यास सांगितले, आणि त्याच्याच हातून बैठक बोलाविली. भाचीने सांगितलेली एक रीत तेथे चालविली. "समजा, पुढचा गणेशोत्सव आला आहे आणि सभागृह पुरे झालेले नाही. ते का, हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावे," असे सर्वांस सांगितले. काम 'फसेल का' असे विचारले की माणसे भिडेने गप्प बसतात. 'फसले आहे, कारण सांगा' म्हटले की मोकळी होतात. चिठ्ठ्यांतून सतरा कारणे निघाली. त्यांतली कितीतरी आमच्या स्वप्नातही नव्हती. शेजारच्या विहिरीची ओल पायाला लागते, ही गोष्ट तर कधी न बोलणाऱ्या एका काकूंच्या चिठ्ठीत होती. सतराही ओळींपुढे आज नाव आणि तारीख आहे. त्यांपैकी चार नावे तिशीच्या आतली आहेत. नव्या मंजुरीचा अर्ज गेला आहे. छत केव्हा पडेल हे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण आमच्यापैकी कोणी उद्या अंथरुण धरले तर काम थांबणार नाही, एवढे सांगू शकतो.

परप्रांतात मराठी घरांनी शाळा, ग्रंथालये, मंडळे उभारली ती अशाच एकेका निःस्पृह माणसाच्या डोक्यात हिशेब ठेवून. ती माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ कामेही गेली. तेव्हा आमचे वाचकांस एवढेच मागणे आहे. घरात लग्न असो, मुलाला परगावी शिकावयास धाडावयाचे असो, की मंडळाचा महोत्सव असो. एक शाळेची वही घ्यावी, रेघा आखाव्यात, आणि घरातल्या सर्वांत धाकट्याला विचारावे, बाळ, काय बिघडेल असे तुला वाटते? त्याने अभद्र सांगितले तरी रागावू नये. लिहून घ्यावे, आणि पुढे कोणाचे तरी नाव घालावे.

हे लिहीत असतानाच भाचीचे पत्र आले आहे. बगीचात ताण सुरू झाला आहे. आजोबा आता फारसे उठत नाहीत. पण मेहुणे रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी वही घेऊन बगीचात जातात, खालच्या अंगाचे एक पान आणि वरच्या अंगाचे एक पान तोडून आणतात, आणि खाटेपाशी धरतात. आजोबा ती बोटांत चुरून पाहतात आणि म्हणतात, "अजून नाही." मेहुणे तारीख घालून तसे वहीत लिहून ठेवतात.